लाइन चोवीस घंटे

आमच्याकडे विजेला वीज कोणी म्हणत नाही. लाइन म्हणतात. लाइन आली, लाइन गेली, लाइन डीम आहे, लाइनमन फोन उचलत नाही. लेकरू बोलायला लागलं की आई-बाबाच्या मागोमाग ‘लाइन गेली’ म्हणायला शिकतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे आमच्या घरात जे झालं ते या एका शब्दानं केलं, आणि त्यात तोंड माझं होतं. माझं तोंड म्हणजे काय ते गावाला माहीत आहे. लग्न होऊन आले त्या वर्षीच सासरे म्हणाले होते, सून कामाची आहे, पण जिभेला फ्यूज नाही.

कोरोनाचं पहिलं साल. पोरगी पहिलीत होती. मार्चमध्ये शाळा बंद झाली तेव्हा बाराखडीपर्यंत आली होती. ‘क का कि की’ म्हणताना मान डोलवायची, वहीत ‘कमळ’, ‘बदक’ असे साधे शब्द लिहायची. जोडाक्षरं दुसरीत असतात. परीक्षा झाली नाही, निकाल लागला नाही, आणि जूनमध्ये ती दुसरीत गेली असं आम्हाला कळवण्यात आलं. शाळेचं कुलूप तेच होतं. पोरीला खूप आनंद झाला, तिने घरातल्या घरात दप्तर पाठीवर घेतलं.

तेव्हाची गोष्ट. मी वावरात विहिरीवर बसले होते. वांग्याला ओलीत करायचं होतं आणि थ्री फेज लाइन यायची वाट पाहत होते. आमचा भाजीपाल्याचा धंदा आहे, मंगरूळपीरच्या हर्रासीत, म्हणजे लिलावात, माल जातो. वांग्याला वेळेवर पाणी दिलं नाही तर ते तोंड पाडतं. माझं लक्ष सगळं स्टार्टरच्या दिव्याकडे. तेवढ्यात माझा बटनाचा फोन वाजला. शाळेचे सर होते. आवाज तुटत होता.

“ताई, मुलीच्या शाळेचं विचारायचं होतं. घरी... लाइन आहे का?”

मधला ‘ऑन’ वाऱ्यानं नेला की टॉवरनं गिळला, मला माहीत नाही. मी ऐकलं ते एवढंच.

“हाय ना सर.”

“किती वेळ असते?”

“गावात चोवीस घंटे. वावरात आठ घंटे, थेबी लहरीवर.”

“अरे वा! मग काही अडचण नाही.”

“गावात काही अडचन नाही,” मी म्हटलं, आणि खरंच तसं वाटलं मला. लेकरांना अभ्यासाला उजेड आहे का, याची कोणीतरी चौकशी करत आहे, असं समजून मला सरांचं कौतुकही वाटलं. दिवा लागला, मोटर सुरू झाली, मी फोन कमरेला खोचला आणि पाण्यामागे गेले. पोरीचं शिक्षण त्या वेळी दोन वाक्यांत निकालात निघालं होतं, आणि मी सऱ्या फोडत होते.

ऑनलाइनच्याही जाती असतात, वांग्याच्या असतात तशा, हे मला पुढे कळलं. सगळ्यात भारी जात माझ्या भावाच्या घरी, वाशीमला. भाचा इंग्रजी शाळेत, पाचवीला. राखीला गेले तेव्हा पाहिलं. वरून शाळेचा शर्ट, टाय, आणि खाली चड्डी. समोर लॅपटॉप, त्यात चाळीस चौकटी आणि एकेका चौकटीत एकेक पोरगं. मॅडम बोलत होत्या आणि भाचा दुसरीकडे गाडीचा खेळ खेळत होता. मॅडमनी त्याला काही विचारलं की स्वयंपाकघरातून माझी भावजय हळू आवाजात उत्तर सांगायची आणि तो ते मोठ्यानं म्हणायचा. मॅडम ‘व्हेरी गुड’ म्हणायच्या. भावजयीला मनातून फार बरं वाटायचं, तिला इतकं व्हेरी गुड लग्नानंतर कोणी म्हटलं नसेल. मी हसले. पण खोटी का होईना, त्या पोराला रोज दहा वाजता कोणीतरी नावानं हाक मारत होतं.

दुसरी जात टीव्हीची. ठरलेल्या वेळी धडा लागायचा. ती वेळ आणि आमची टीव्हीची लाइन यांचं जमेल तर. हो, गावात चोवीस तास लाइन असते असं मी सांगितलं होतं, पण टीव्हीचा रिचार्ज संपला की लाइनला कोण विचारतो.

तिसरी आमच्या गावाची. सर सकाळी ग्रुपवर व्हिडिओ टाकायचे, खाली अभ्यास टाकायचे, आणि लेकरांनी तो करून वहीचा फोटो पाठवायचा. याला ते ऑनलाइन शाळा म्हणत. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हणतात ना, ते मी पहिल्यांदा समोर पाहिलं. फरक एवढाच की उंट कुठे आहे ते शेळ्यांना दिसत नव्हतं. आमच्या घरात मोठा फोन एकच, घरच्यांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा. तो पहाटे त्यांच्यासोबत हर्रासीला जायचा, दुपारी घरी यायचा तेव्हा त्यात जीव नसायचा, चार्जिंगला लावला की बाजाराचा दिवस असेल तर पुन्हा शिरपूरला निघायचा. पोरीच्या हातात तो फोन आठवड्यातून दोनदा आला तर आला.

आणि चौथी जात होती ‘काहीच नाही’वाल्यांची. ज्यांच्या घरी फोन नाही किंवा फोन दिवसभर बाहेर असतो, त्या लेकरांची सरांनी वेगळी यादी केली होती. पाच-पाच जणांचा गट करून, तोंडाला रुमाल बांधून, आठवड्यातून तीन दिवस सर वाशीमहून गाडीवर यायचे आणि शाळेजवळच्या कडुलिंबाच्या पारावर त्यांना शिकवायचे. फळा झाडाला टेकवायचे. पाटी हातात घेऊन तपासायचे. हात धरून अक्षर गिरवून घ्यायचे. म्हणजे ज्याच्याजवळ काहीच नाही त्याला शाळा, आणि ज्याच्याजवळ सगळं आहे असं कागदावर आहे त्याला ठेंगा. ऐकायला न्यायाची गोष्ट वाटते. वाटतेच. कागद खरा असता तर मीही टाळ्या वाजवल्या असत्या.

पोरीला पारावर लेकरं दिसली तशी ती दप्तर घेऊन धावत गेली. अर्ध्या तासात परत आली. रडली नव्हती, पण चेहरा सालटं काढल्यासारखा.

“काय झालं वं?”

“सरनं वापस पाठोलं.”

“काहून?”

“म्हने तुह्यं नाव इकडं नाही. तू ऑनलाइन हायेस म्हने.” मग जरा थांबून तिनं विचारलं, “मम्मी, मी ऑनलाइन हाय म्हनजे मी कुठी हाय?”

शेजारच्या घरातही असाच एक फोन, तोही असाच बापासोबत जातो. त्यांची पोरगी पारावर आणि माझी घरी. मला वाटलं, सरांनी भेदभाव केला. चार दिवस मी त्यांना मनातल्या मनात जे जे म्हटलं ते लिहिता येणार नाही. आमच्या घरात रागानं बोलायचं झालं की सरांचे मास्तर होतात. त्या चार दिवसांत ते मास्तरच होते, आणि पुढेही काही दिवस राहिले.

पाचव्या दिवशी पोळा होता. त्या दिवशी हर्रासी बंद, म्हणून फोन घरात होता. मी तो हातात घेतला आणि शाळेचा ग्रुप उघडला. पाहते तर व्हिडिओंची ही रांग. एकही उघडलेला नव्हता. आणि प्रत्येकाच्या खाली आमच्या घरच्यांचा अंगठा. धड्याला अंगठा, गणिताला अंगठा, ‘वाचन झाले का?’ याला अंगठा, ‘आज किती मुलांनी अभ्यास पूर्ण केला?’ याला तर सगळ्यांच्या आधी अंगठा. दर शनिवारी सरांनी नियमित मुलांची यादी टाकलेली. तिच्यात आमच्या पोरीचं नाव पहिलं, पुढे गुलाबाचं फूल.

“अवो, हे काय हाय?” मी फोन त्यांच्या नाकासमोर धरला.

“काय हाय?” ते बैलाच्या शिंगाला बेगड लावत होते.

“पोरीनं अभ्यास केला म्हनून तुमी अंगठा कायले देऊन राह्यले?”

“मले काय मालूम? पाह्यलं म्हनून अंगठा द्या लागते. भाजीच्या ग्रुपवर नाही देत का?”

खरं होतं ते. भाजीच्या ग्रुपवर रोज भाव येतो आणि शंभर जण अंगठा देतात. त्याचा अर्थ एवढाच की वाचलं, ठीक आहे, उद्या पाहू. या माणसानं शाळेलाही तोच अंगठा दिला होता. काही दिवसांआधी सरांनी लिहिलं होतं, पालकांनी डीपीवर पाल्याचा फोटो लावावा. ते वाचून हे मला म्हणाले होते, “अवं, मास्तर डीपीवर पोरीचा फोटो लावा म्हनतो. डीपीवर कायले? लाइनमन काढून फेकीन.” डीपी म्हणजे आमच्या लेखी वावरातला ट्रान्सफॉर्मर. तेव्हा मी पोट धरून हसले होते. त्या दिवशी नाही हसले. पोळ्याच्या दिवशी घरात भांडू नये म्हणतात. आम्ही भांडलो. बैल बेगड लावून तासभर अंगणात उभा राहिला आणि पुरणाच्या पोळ्या थंड झाल्या.

दुसऱ्या दिवशी मी थेट पारावर. सर फळ्यावर लिहीत होते. मी लेकरांसमोर तमाशा करणार नव्हते, पण आवाज माझ्या हातात नसतो.

“माह्या पोरीले काहून उठोलं सर?”

“ताई, तुमच्याकडे ऑनलाइन सुविधा पूर्ण वेळ आहे. ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी हा गट आहे.”

“कोनं सांगतलं पूर्न वेळ?”

त्यांनी पिशवीतून रजिस्टर काढलं. शांतपणे पान उलटलं. पोरीच्या नावासमोर, सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: आईशी फोनवर बोलणे झाले. ऑनलाइन आहे. घरी २४ तास, शेतात ८ तास.

शेतात आठ तास वाचलं आणि मला एकदम विहीर आठवली, स्टार्टर आठवला, स्वतःचा आवाज आठवला. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ती गेली, पण मस्तकात गेल्यावर तिला बाहेर पडायला जागा नव्हती, कारण समोर मीच होते.

“सर, मी लाइनचं सांगतलं. लाइट. मोटरची लाइन.”

सर माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांना समजलं. त्यांचे डोळे बारीक झाले, हसू येत होतं बहुतेक, पण माझं तोंड पाहून त्यांनी ते रुमालाखाली ठेवलं. मी म्हटलं, आता खोडा ते. ते म्हणाले, “खोडता येत नाही ताई. माहिती वर गेली.”

“वर म्हनजे कुठी?”

“वर. तालुक्याला, तिथून जिल्ह्याला. यादी फायनल झाली. आता गटात सहावं मूल घेतलं आणि कोणी पाहायला आलं तर मला उत्तर द्यावं लागतं. आणि तिचा सहभाग तर शंभर टक्के दिसतो.”

“वर जाऊन वापस येत नाही थो फक्त मानूस असते सर. माहिती आनता येते.”

त्या दिवसांत असं बोलायला नको होतं. गावात दोन माणसं नुकतीच गेली होती. सरांनी रजिस्टर मिटलं. त्यांचेही हाल होते, मला माहीत होतं. सकाळी पारावर शिकवायचं, दुपारी नाक्यावर गाड्या तपासायच्या, संध्याकाळी घरोघरी ताप विचारायचा, आणि त्यांची स्वतःची दोन लेकरं वाशीमला कोणत्या तरी चौकटीत बसलेली. पण मला त्यांची कीव आली नाही. येऊ दिली नाही. पाच लेकरांच्या जागी सहा बसली असती तर कडुलिंब मोडून पडला नसता.

घरी येताना एक गोष्ट डोक्यात घोळत होती. त्या काळात दुकानं बंद, देऊळ बंद, शाळा बंद, पण भाजीपाला चालू होता. भाजी जीवनावश्यक होती. आम्हाला तसा कागद मिळाला होता, गाडीच्या काचेला चिकटवायला. म्हणजे वांगं जीवनावश्यक आणि वाचन नाही. ठीक आहे म्हटलं. मग वांग्याच्याच मागे लपू.

त्यानंतर आठवड्यातले ते तीन दिवस मी पाराजवळ भाजीची टोपली मांडायला लागले. दहा पावलांवर, रस्त्याच्या कडेला. वांगी, मेथी, सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या. गावात भाजी घेणारं कोण असतं, प्रत्येकाच्या वावरात भाजीच्या दोन ओळी असतातच. पण मला उठवायचा अधिकार कोणाला नव्हता. बाजूला पोरगी, मांडीवर पाटी. सरांनी पहिल्या दिवशी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा आवाज मोठा झाला. एवढ्या मोठ्यानं पाच लेकरांना कोणी शिकवत नाही. मी त्यांना त्या दिवशी मनातल्या मनात पुन्हा सर म्हटलं. एखाद्या वेळी ते जाताना मेथीची जुडी घ्यायचे. पैसे घेऊ की नको, असं मला व्हायचं, पण घेत होते. ती भाजी होती, फी नव्हती.

असं सहा महिने चाललं. पोरगी भराभर शिकत होती. कविता पाठ, पाढे पाठ. वावरात मी मेथी उपटत असले की ती धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसून पुस्तक वाचून दाखवायची. आठवडी बाजाराचा एक धडा होता, तो तिचा आवडता. खणखणीत आवाजात, स्वल्पविरामाला थांबून, प्रश्नचिन्हाला आवाज चढवून. अगदी सरांसारखा. मी पाठमोरी, कमरेत वाकलेली, हातात मेथी, आणि कान तिच्याकडे. आजूबाजूच्या बायकांना मी म्हणायचे, पाहा, माझ्या पोरीला पारावर जागा दिली नाही तरी कशी वाचते. असा तोरा मी दिवाळीला नवं लुगडं नेसूनही कधी मिरवला नव्हता.

होळीच्या आसपासची दुपार. मी कंबर सरळ करायला उठले आणि पाणी प्यायला तिच्याजवळ गेले. ती बाजाराचा धडा वाचत होती. बोट ओळींखालून सरकत होतं, नीट, शब्दाला शब्द. मी वाकून पाहिलं. पानावर होडीचं चित्र होतं. नदी, नावाडी, वल्ही. बाजाराचा धडा मागे आठ-दहा पानांवर होता.

ती वाचत राहिली. गाजरवाली आली, बांगडीवाला आला, आणि बोट नावाड्याखालून गेलं.

मग मी एका शब्दावर बोट ठेवलं. “हे वाच.” तिला वाचता येईना. दुसऱ्यावर ठेवलं. ‘नदी’ वाचलं. तिसरा शब्द ‘वल्ही’ होता. ती त्या अक्षराकडे अशी पाहत होती जशी अनोळखी पाहुण्याकडे पाहावं. “हे दोन अक्षरं चिपकले हायेत मम्मी,” ती म्हणाली. “हे मले दिसले नाही कधी.”

दिसणार कुठून! फळा झाडाला टेकलेला असायचा आणि त्याचं तोंड पाच लेकरांकडे असायचं. आमच्या टोपलीकडे फळ्याची पाठ होती. माझी पोरगी सहा महिने फळ्याच्या पाठीकडे बघत शाळा शिकली. पाटीवर ती काय लिहिते हे सरांनी एकदाही हातात घेऊन पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर ती गटात आहे असं झालं असतं. आणि मी, बारावी पास आई, मी तरी कधी पाहिलं? मी कानानं वाचन तपासत होते. भाचा खोटी उत्तरं द्यायचा म्हणून मी हसले होते. माझी पोरगी तर खोटं बोलतही नव्हती. तिला वाटत होतं, वाचणं म्हणजे हेच.

त्या दिवशी मी धुऱ्यावर बसून रडले, आणि रडताना शिव्या दिल्या. टॉवरला दिल्या, वर गेलेल्या माहितीला दिल्या, अंगठ्याला दिल्या, ज्यानं कोणी ऑनलाइन हा शब्द काढला त्याच्या खानदानाला दिल्या. स्वतःला दिल्या त्या सगळ्यात वाईट होत्या. पोरगी घाबरून म्हणाली, “मम्मी, मी दुसरा धडा वाचू का?” तिला वाटलं, धडा चुकला.

मग दुसरी लाट आली आणि पारही बंद झाला. उन्हाळाभर मीच शिकवलं, जमेल तसं. पुस्तक बाजूला ठेवलं, कारण पुस्तक तिला पाठ होतं. जे पाठ नाही ते शोधायचं ठरवलं. बियाण्याची पाकिटं, औषधाच्या बाटल्या, बसवरच्या पाट्या. बस येत नव्हत्या, पण थांब्यावर ‘मंगरूळपीर’ रंगवलेलं होतं, त्या ‘रू’वर आम्ही दोन दिवस घालवले. तिनं कोणाच्याही मदतीशिवाय, आधी पाठ नसलेला, स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेला पहिला शब्द कोणता, तर आमच्या धुऱ्यावरच्या डीपीची लाल पाटी. खाली कवटी आणि दोन हाडं. तिनं मान वर करून एकेक अक्षर लावलं आणि ओरडली, “धोका!” मी म्हटलं, बरोबर. लाइननंच घालवलं आणि लाइननंच दिलं. पण त्याच्यापुढे जोडाक्षरं होती आणि माझ्यापुढे वांगी होती. मी रोज बसू शकले नाही, हे लिहिलंच पाहिजे.

शाळा उघडली तेव्हा ती तिसरीत होती, अर्धं वर्ष उलटलेलं. तिसरीचे सर तिसरीचं शिकवतात, दुसरीचं नाही. चौथीचे चौथीचं. जे राहिलं ते राहिलं. लोक म्हणतात, सगळ्यांचंच नुकसान झालं. हे वाक्य ऐकलं की मला पुन्हा राग येतो. सगळ्यांचं झालं म्हणून माझ्या पोरीचं कमी होतं का?

आता ती सातवीत आहे. मोठ्या गावातल्या शाळेत जाते, बसनं. वाचते, पण बोट ठेवून. बोट ठेवल्याशिवाय ओळ हलते म्हणते. वर्गातल्या पोरी हसतात म्हणून पुस्तक मांडीवर धरून बोट लपवते. गणितात मात्र डोकं चालतं. हर्रासीचा हिशेब तोंडानं करते, बापाच्या आधी. गणिताचे सर तिच्यावर खूश होते. दिवाळीनंतर त्यांची बदली झाली आणि जागा रिकामी राहिली.

मागच्या आठवड्यात ती एक फॉर्म घेऊन आली. गणिताला शिक्षक मिळेपर्यंत वर्गात मोठा टीव्ही लावणार, आणि एकच सर कुठूनतरी दहा-बारा शाळांना एकदम शिकवणार. घरीही पाहता येईल. खाली पालकांची सही. ही म्हणजे पाचवी जात. फॉर्ममध्ये एक प्रश्न होता, त्याच्यापुढे रिकामी जागा: घरी ऑनलाइन सुविधा आहे काय? असल्यास किती वेळ?

मी चुलीजवळ होते. हात पिठाचे. ती ओट्यावर बसून फॉर्म वाचत होती, बोट ठेवून, हळूहळू. त्या प्रश्नावर बोट आलं आणि थांबलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. हा किस्सा तिला माहीत आहे, आमच्या नात्यात सगळ्यांना माहीत आहे, लग्नकार्यात सांगून हसतात. मी काहीतरी बोलणार होते, माझं तोंड उघडलंही होतं.

“तू नोको बोलू मम्मी,” ती म्हणाली. “मी लिहितो.”

तिनं लिहिलं. बराच वेळ लागला. मग फॉर्म माझ्यापुढे धरला, सहीसाठी. मी हात पुसून घेतला. तिच्या मोठ्या, सुट्या अक्षरात लिहिलं होतं: लाइन चोवीस घंटे आहे. मासतर नाही.

‘स’ वेगळा, ‘त’ वेगळा. दुसरीत शिकवतात ते. फळ्याच्या पुढच्या बाजूला होतं ते.

“बरोबर हाय का?” तिनं विचारलं.

माझ्या हातात पेन होता. एक रेघ मारली असती तर ‘स’चा पाय मोडता आला असता. मी खाली सही केली आणि म्हटलं, “बरोबर हाय. असंच जाऊ दे वर.”